वस्तीची गाडी

खानापूर, जि. बेळगाव,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पोखऱ्याहून तू लिहिलेलं सगळं पोचलं. धाकट्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आई तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. फोनवर मला बोलणं जमत नाही. तू 'आप्पा' म्हटलंस की घसा दाटतो, आणि 'जेवलीस का' एवढंच विचारून मी फोन आईच्या हातात देतो. म्हणून कागद घेऊन बसलो. धाकटा पानांचे फोटो काढून पाठवील. कोपऱ्यात नंबर घातलेत, त्या क्रमानं वाच.

इकडे सुगी चालू आहे. भात कापून झालं, मळणी राहिली आहे. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी राजहंसगड केला. तुझ्या वाटणीचे मावळे धाकट्यानं डब्यातून काढलेच नाहीत. अक्का येईल तेव्हा अक्काच मांडील म्हणाला. तिकडच्या दिवाळीचं, तिहाराचं तू लिहिलंस, एका दिवशी कावळ्याला नैवेद्य, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा, ते आईला फार आवडलं. आपण वसुबारसेला गाईला ओवाळतो, पण कुत्र्याचं कोण करतं? त्या संध्याकाळी तिनं दारातल्या काळूला भाकरी दुधात कुस्करून घातली. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं हे कळल्यापासून तिनं स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करून ठेवलंय. बाहेरच्या खोलीत इथली वेळ, आत तुझी.

आता तुझा प्रश्न. घरी परत येऊ, की साठवलेल्या पैशात पुढं व्हिएतनामला जाऊ, असं तू विचारलंस. उत्तर आधी देतो, मग बाकीचं बोलतो. जा.

बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी सोडून तू फिरायला निघालीस तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं आप्पाला पाहुण्यारावळ्यांची लाज वाटते, लग्नाचं बघायच्या वयात पोरगी पाठीला पिशवी लावून चालली म्हणून. तसं नव्हतं. तीस वर्षं गाडीवर कंडक्टरकी केलेल्या माणसाला रस्त्यावर काय काय होऊ शकतं ते माहीत असतं. अपघात बघितलेत, रात्री एकट्या बाईमाणसामागं लागलेले लोक बघितलेत, पाकीट मारलेला माणूस डेपोत डोकं धरून बसलेला बघितलाय. ते सगळं डोळ्यांपुढं येत होतं आणि ते तुला सांगून घाबरवायचं नव्हतं. म्हणून गप्प राहिलो. तू बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये स्लीपरच्या डब्यात चढलीस, तेव्हाही मी फक्त तुझ्या बर्थखाली पिशवीला साखळी नीट लागली का ते बघितलं. चार शब्द बोलायला हवे होते. ते या पत्रात बोलतोय.

तुझं फिरणं सुरू कुठून झालं ते मला ठाऊक आहे. ११ जून २०२३ ला शक्ती योजना लागू झाली, कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी गाडीत राज्याच्या हद्दीत तिकीट माफ झालं. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं ती. गर्दी इतकी की दारातून आत शिरता येईना. आम्ही आधार बघायचं आणि मशीनमधून झिरो तिकीट काढून द्यायचं. एका आजीबाईंना पहिल्यांदा ते दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, चार घड्या घातल्या, कमरेच्या बटव्यात सुपारीच्या खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "परत येताना हेच चालतंय न्हवं?" गोकर्णाला चालल्या होत्या. साठ वर्षं खानापूर तालुक्यात काढलेली बाई, समुद्र बघायला निघालेली. त्या दिवशी मला कळलं की किती बायकांचं जग बघायचं केवळ तिकिटापायी राहून गेलं होतं. तुझ्या आईचंही.

तू तेव्हा प्रत्येक सुट्टीला निघायचीस. बदामी, हंपी, बिदर. एकदा धारवाडपर्यंत माझ्याच गाडीत होतीस. मी तुझंही आधार मागितलं, बाकीच्यांसारखंच तिकीट हातात दिलं आणि पुढच्या सीटकडं गेलो. पण माझी छाती त्या दिवशी भरून आली होती. मग तू रायचूरकडं मस्कीला जाऊन आलीस आणि घरी येऊन सांगितलंस की तिथल्या खडकावरच्या लेखात 'अशोक' हे राजाचं नाव सापडलं, १९१५ साली. एरवी तो स्वतःला 'देवानांपिय' म्हणवतो. आणि आता लिहितेस की लुंबिनीला त्याच अशोकाचा दगडी खांब बघितला, बुद्ध इथं जन्मला असं त्यावर कोरलंय. मस्कीला झिरो तिकिटावर गेलीस, लुंबिनीला नेपाळच्या सरहद्दीवरच्या सुनौलीहून पुढं गाड्या बदलत. एका माणसाच्या अक्षराची दोन टोकं तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस. आपल्या घराण्यात हे कुणाला मिळालं?

पण बाळ, तुझा हिशेब वाचून मला वाईट वाटलं. रोज वेबिल भरणाऱ्या माणसाला हिशेब कळतो. तेवीस दिवसांत नऊ गावं. झोपायला आठ जणींच्या खोलीत वरचा बंक, ते ठीक आहे, मी त्याहून वाईट जागी झोपलोय. पण दिवसाला एक डाळ-भात आणि रात्री बिस्किटं? आपले शंभर दिले की तिकडचे एकशे साठ मिळतात म्हणून पैसा वाढत नाही. पोटाला चिमटा काढून जग बघू नकोस. थकलेल्या माणसाला डोंगर सारखेच दिसतात. तुझ्या खात्यात मी दहा हजार भरलेत, ते फक्त जेवणाचे. गाडीभाड्याला किंवा राहायला त्यातलं खर्च केलंस तर मला राग येईल.

आणि नऊ गावं. यावर मला खरं बोलायचंय.

आमच्यात एक्सप्रेस गाडी असते आणि वस्तीची गाडी असते. एक्सप्रेसला ठरलेले स्टॉप, स्टँडात शिरायचं, कंट्रोलरकडं नोंद करायची, निघायचं. मी चार वर्षं कोल्हापूरच्या एक्सप्रेसवर होतो. त्या रस्त्यावरच्या एकाही गावाबद्दल मला आज काही सांगता येणार नाही. वस्तीची गाडी रात्री शेवटच्या गावात जाते, तिथंच मुक्काम करते, पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. ती ड्यूटी कुणाला नको असते. माझ्याकडं ती एक पावसाळाभर आली होती, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूच्या रानात. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

तिथला पाऊस तुला सांगायला नको. मलप्रभा उगम पावते तो मुलूख. अंथरूण म्हणजे गाडीतली लांब सीट, खाली रॉकेलचा कंदील, काचांतून पाणी आत यायचं. पहिल्या रात्री गावातल्या लोकांनी लांबूनच गाडी बघितली. दुसऱ्या रात्री एका पोरानं पाण्याची कळशी आणून ठेवली आणि पळून गेला. चौथ्या-पाचव्या रात्री आमची नावं, गाव, कुळी विचारून झाली. आठवड्यानंतर एका घरातून नाचण्याची भाकरी आणि हुलग्याची आमटी यायला लागली, ती पाऊस संपेपर्यंत. पैसे देऊ केले तर त्या माऊलीनं डोळे मोठे केले. मग मी बेळगावहून तिच्या सासूच्या गोळ्या आणून द्यायला लागलो, कुणाचं बियाणं, कुणाच्या पोराची वही.

तिथं एक म्हातारबाबा रोज रात्री इरलं घेऊन यायचे आणि गाडीच्या पायरीवर बसायचे. महिनाभर फार बोलले नाहीत. एका रात्री म्हणाले, "आवाज ऐकतोस? पाणी जड झालंय. सकाळची गाडी काढू नको." मला तर नेहमीसारखाच आवाज वाटत होता. माझ्या ड्रायव्हरनं मात्र त्यांचं ऐकलं. पहाटे दोघं चालत खाली गेलो तर फरशीपुलावरून कमरेएवढं लाल पाणी चाललेलं आणि पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. त्या गाडीत सकाळी शाळेची सोळा-सतरा पोरं असायची. पहिल्या रात्री त्या बाबांनी मला हे सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

म्हणून व्हिएतनामला जा, पण वस्तीच्या गाडीनं जा. पंधरा गावं करू नकोस. एक गाव धर, तिथं तीन आठवडे राहा, जिथं रोजच्या भाजीवालीला तुझा चेहरा ओळखीचा होईल. रोज त्याच टपरीवर चहा घे. रस्ता बायकांना विचार, त्या नीट सांगतात. ड्रायव्हर लोक जिथं जेवतात तिथं जेव, अन्न ताजं असतं. मोठ्या नोटा आतल्या खिशात, सुट्टे वेगळ्या पिशवीत, आणि चारचौघांत मोठी नोट काढायची नाही. गाडीत झोप येत असेल तर पिशवीचा पट्टा पायात अडकव. उतरल्यावर आधी सामान मोज, मग इकडंतिकडं बघ.

तू सुनौलीची कमान चालत ओलांडलीस, एका पावलात देश बदलला, कुणी अडवलं नाही, असं लिहिलंस. ते ऐकून मी उठून अंगणात गेलो. मला कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवरची कोगनोळी आठवली. सीमेवरून तणाव झाला की दोन्हीकडच्या गाड्या बंद व्हायच्या. अशाच एका दिवशी आमची गाडी कोगनोळीत थांबवली. एक म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापूरला चाललेली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. तिला कर्नाटक कुठं संपतं ते माहीत नव्हतं, तिला लेकीच्या कळा माहीत होत्या. मी ड्रायव्हरला सांगून तिचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि दूधगंगेच्या पुलावरून तिला पलीकडं नेलं. कागलकडं जाणारा एक टेंपो मिळाला, त्यात बसवलं. त्या टेंपोवाल्यानं पैसे घेतले नाहीत. परत येताना अलीकडच्या एका कन्नड चहावाल्यानं मला बोलावून चहा पाजला, त्यानंही घेतले नाहीत.

आपलं घर मराठी आहे, ते मराठीच राहणार. १९५६ ला खानापूर मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलं त्याचं दुःख तुझ्या आजोबांनी मरेपर्यंत बाळगलं, आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेल्या सीमेच्या दाव्याची तारीख आली की मी अजून पेपर दोनदा वाचतो. पण कन्नडनं मला पोटाला दिलं आणि तीस वर्षं कन्नड माणसांनी मला अण्णा म्हटलं, हेही खरं. पशुपतिनाथाची पूजा करणारे भट्ट परंपरेनं कर्नाटकातून जातात, हे मला तुझ्याकडूनच कळलं. त्या देवळाच्या रांगेत मागून कन्नड ऐकू आलं, तू वळून "यावूर री?" म्हणून गाव विचारलंस, आणि ते हावेरीकडचं म्हातारं जोडपं तुला जवळ घेऊन रडलं. ते वाचताना धाकट्याचाही आवाज बदलला. शाळेत कन्नडच्या तासाला रुसून बसणारी तूच ती. मराठी जपच, पण कन्नडही विसरू नकोस. आणि आता तिकडच्या भाषेतले निदान पन्नास शब्द शिकून घे. जेवण, पाणी, आई, दुखतंय, उपकार झाले.

लहानपणी मी तुला बेळगावच्या रिसालदार गल्लीत नेलं होतं, आठवतं का? १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून आले ते तिथल्या भाटे वकिलांकडं उतरले होते. कोल्हापूरच्या एका गृहस्थाची ओळखीची चिठ्ठी घेऊन आले होते. तिथून गोव्याला गेले आणि पुढच्या वर्षी शिकागोला. तेव्हा फिरणाऱ्या माणसाला एका घरातून दुसऱ्या घराची चिठ्ठी मिळायची.

मला तुला अशी चिठ्ठी देता येत नाही. व्हिएतनाममध्ये आपलं कुणी नाही. पण शेवटच्या पानामागं माझा एक फोटो चिकटवलाय, निवृत्तीच्या दिवशी डेपोत काढलेला. गणवेश, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन, मागं गाडी. तो फोनमध्ये वेगळा ठेव. तिकडंही गाड्या असतील, गाडीवर तिकीट फाडणारा माणूस असेल. कधी अडलीस तर त्याला हा दाखव आणि खुणेनं सांग, हे माझे वडील. त्याला समजेल. तो तुला बरोबर जागी उतरवील.

तुझा,
आप्पा

ता. क. आई विचारते, तिकडं घड्याळ किती पुढं. धाकट्यानं बघितलं, आपल्याहून दीड तास. जायचा दिवस नक्की झाला की आधी कळव, म्हणजे तिला काटे फिरवता येतील.