सूचना : रक्षा झाडाला घालताना

सभासदांनो, बाग सांभाळणारं घरचं माणूस गेलं की रक्षा, म्हणजे चितेची राख, पंचगंगेत न सोडता झाडाला घालायची पद्धत आपल्याकडे रुळते आहे, चांगलंच आहे. पण सगळी रक्षा एकाच खड्ड्यात ओतू नका. ती अल्कधर्मी आणि खारट असते. कोवळ्या मुळांना लागली की पानांच्या कडा करपतात, रोपाची वाढ खुंटते. खड्डा २ फूट लांब-रुंद-खोल, मातीत २ पाट्या कुजलेलं शेणखत आणि रक्षा २ मुठीच. उरलेली जुन्या झाडांच्या घेरात पातळ पसरा. खड्डा १५ दिवस भिजवून मगच जांभूळ किंवा करंज लावा. काळ्या मातीत पाणी तुंबतं, रोप चार बोटं उंचावर बसवा. आणि हो, माणूस गेल्याच्या गडबडीत कुंड्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं, ते आधी बघा.