अडीच गुंठ्यांचा हिशोब

लाइपझिग,
८ नोव्हेंबर

ती. अण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा माल निघतो तर बाजारात का नाही लावत?" तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला आणि उत्तर राहूनच गेलं. तर उत्तर असं की इथे विकायला बंदी आहे. आमची बाग म्हणजे शहराच्या कडेला खंडाने घेतलेले अडीच गुंठे. असल्या बागांसाठी जर्मनीत १९८३ चा एक स्वतंत्र कायदाच आहे. बाग ४०० चौरस मीटरच्या, म्हणजे चार गुंठ्यांच्या आत हवी. खोपटं २४ चौरस मीटरच्या आत, आणि त्यात बिऱ्हाड करायचं नाही. पिकेल ते घरी खायचं, धंदा करायचा नाही. वर जवळजवळ एक तृतीयांश जागेत भाजीपाला आणि फळं लावलीच पाहिजेत. नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर बागा खंडाने देणाऱ्या मंडळाचे लोक कुंपणापाशी येऊन विचारतात. पिकवायची सक्ती आणि विकायची बंदी! मग जास्तीचं वाटण्यावाचून जाणार कुठे?

ऑगस्टात झुकिनी (काकडीसारखा दिसणारा भोपळा) निघते तेव्हा तर लोक एकमेकांना टाळतात, कारण जो भेटेल तो हातात दोन झुकिनी कोंबतो. आता शरदात देणं-घेणं जरा शहाण्यासारखं चालतं. फाटकाबाहेर खोकं ठेवतात, त्यावर "फुकट, घेऊन जा" अशी पाटी. त्यात कधी सफरचंदं, कधी पिकायची राहून गेलेली हिरवी टोमॅटो, कधी बरण्याच. काही गावांत रस्त्याकडेच्या फळझाडाला पिवळी फीत बांधतात. फीत दिसली की न विचारता तोडा, मालकाची परवानगी आहे असं समजायचं. आपल्याकडे अंजिराच्या बागेला अशी फीत बांधली तर काय होईल, या विचाराने तुमचे जावई दिवसभर हसत होते.

हे बागांचं खूळ या लाइपझिगमध्येच वाढलं. श्रेबर नावाचे इथले एक डॉक्टर होते. ते १८६१ मध्ये वारले. तीन वर्षांनी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना घेऊन एक मंडळ काढलं, मुलांसाठी खेळाचं मैदान केलं आणि मंडळाला डॉक्टरांचं नाव दिलं. पुढे एका शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांना वाफे आखून दिले. मुलं चार दिवसांत कंटाळली, वाफ्यांत तण माजलं आणि शेवटी आईबापांनाच खुरपी घ्यावी लागली. आज सगळा देश असल्या बागांना श्रेबरची बाग म्हणतो, पण डॉक्टरांनी स्वतः एकही वाफा आखला नव्हता. त्या जुन्या वसाहतीत आता बागांचं संग्रहालय आहे. मे महिन्यात आलात की नेईन.

आई, गेल्या आठवड्यात पहिलं कडक दहिवर पडलं. डेलियाची पानं एका रात्रीत काळी ठिक्कर पडली. शेजारच्या आजी याचीच वाट बघत होत्या. त्या आमच्या गुरू आहेत, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांचे डेलिया काढले. दांडे वीतभर ठेवून कापायचे, दाताळं लांबून घालायचं आणि गड्डा अलगद उचलायचा. खाली रताळ्यांसारखा झुबका निघतो. मग तो उलटा ठेवायचा, कारण दांडा पोकळ असतो. त्यातलं पाणी निथळलं नाही तर गड्डा आतून सडतो. सुकला की तळघरात कोरड्या वाळूत मार्चपर्यंत. आजींनी एक गड्डा सुरीने चिरला आणि मला दाखवलं की कंद केवढाही जाड असू दे, वर मानेपाशी डोळा नसेल तर तो फुटत नाही. अण्णा आल्याचं बेणं काढताना हेच बघतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि डोळा असलेले तीन तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. रंग विचारला तर म्हणाल्या, "फुलल्यावर कळेल."

बियांच्या बाबतीत मात्र त्या फार कडक. घेवड्याचं घरचं बी वर्ष लिहिलेल्या पाकिटांतून सगळ्यांना वाटतात, कारण घेवड्याचा वाण सहसा बिघडत नाही. पण भोपळ्याचं आणि झुकिनीचं बी कोणी मागितलं तर साफ नाही म्हणतात. शेजारी कोणी शोभेचे भोपळे लावले असतील तर परागांचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी फळ कडू निघू शकतं. तो कडूपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही. झुकिनी असो की भोपळा, चिरला की आधी कणभर जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर थुंकून सगळाच टाकायचा, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यांच्या बागेतल्या लाल होक्काइदो भोपळ्याचे मी घारगे केले. त्याची साल मऊ शिजते, सोलायची कटकटच नाही. दिवाळीला फराळाच्या ताटात तेही ठेवून कुंपणावरून दिले. चकली परत आली, दातांना झेपत नाही म्हणून. घारगे आले नाहीत. डबा मात्र क्विन्स नावाच्या फळाच्या जेलीची बाटली घालून आला.

सफरचंदं या वर्षी उदंड. सगळ्यांनी मिळून गाडी भरून रस काढायला नेली. तिथे फळं धुऊन, भरडून दाबतात, रस ऐंशी अंशांच्या आसपास तापवतात आणि तोटी असलेल्या पिशवीत भरून खोक्यात घालून देतात. न उघडता वर्षभर टिकतो. १०० किलोंतून साधारण ६०-७० लिटर निघतो. आमच्या वाटणीची खोकी पलंगाखाली आहेत, दुसरीकडे जागा नाही.

आता बागेतलं पाणी मंडळाने बंद केलंय, नाहीतर गोठून नळ फुटतात. लसणाच्या पाकळ्या लावून झाल्या. समोरच्या गृहस्थांनी आपल्या एकुलत्या एक अंजिराला गोणपाट गुंडाळलं. त्यांना मी तुमच्या बागेचा फोटो दाखवला. तेव्हापासून ते मला छाटणीबद्दल काहीबाही विचारतात आणि मी तुमच्या नावावर ठोकून देते. एकदा नीट सांगा बघू. अंजिराचा खट्टा बहार कसा आहे? परतीच्या पावसाने फळ किती गळलं?

आणि हो, येताना बी आणू नका, आई म्हणेल तरी. २०१९ च्या डिसेंबरपासून रोपरोग तपासणीच्या दाखल्याशिवाय भारतातून बी आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. मेथी आणि धने इथल्या भारतीय दुकानात मिळतात, तेच मी पेरते. आईचा काळा मसाला तेवढा आणा, दोन किलो तरी, कारण आजींना त्याचा घेवडा खाऊ घालायचाय.

तुमची,
रेवा