ब्रेक ऑइलच्या टोपणाचे दोन स्क्रू आणि ४,९८० रुपयांचे बिल

दि. १४ ऑक्टोबर २०२५
रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हँडलचे सुटे भाग बदलताना जाम स्क्रू तोडून वाढवलेल्या बिलाबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

जून २०२२ मध्ये आपली १५० सीसीची मोटरसायकल मी इथल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. आजवरची प्रत्येक सर्व्हिसिंग त्याच्याकडेच झाली आहे, पुस्तिकेत शिक्के आहेत. गेल्या महिन्यात अंगणातल्या शेवाळावरून स्टँड सरकला आणि उभी गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला आणि बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकाला बसणारा वजनाचा तुकडा, चेपला. बाकी गाडीला ओरखडा नाही. काउंटरवर मला ४५० रुपयांचा अंदाज लिहून दिला. संध्याकाळी बिल हातात पडले ते ४,९८० रुपयांचे.

मधल्या वेळात काय झाले ते मी काचेच्या अलीकडून बघत होतो. मी आयटीआयचा फिटर आहे, बावीस वर्षे कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढली आहेत, त्यामुळे काय चालले आहे ते कळत होते आणि बोलता येत नव्हते. ग्राहकाला आत प्रवेश नाही, अशी पाटी आहे.

आधी बार एंड. त्याचा स्क्रू कारखान्यातच आट्यांना गोंद लावून बसवलेला असतो, तो सहज सुटणार नाही हे मान्य. पण वर्कशॉपमधल्या मुलाने पेचकस लावून पिळायला घेतले तेव्हा आतले वजनच रबरासकट हँडलमध्ये गोल फिरू लागले. अशा वेळी थांबायचे असते. बाहेरचा भाग पकडीत घट्ट धरायचा, स्क्रूच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवून गोंद मऊ करायचा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरवर (ठोक्याच्या जोरावर स्क्रू फिरवणाऱ्या पेचकसावर) हातोडीचा एक ठोका द्यायचा. वर्कशॉपमध्ये इम्पॅक्ट ड्रायव्हर नव्हता, हे मुलानेच नंतर सांगितले. ग्राइंडर मात्र होता. तो चालला, ठिणग्या उडाल्या, आणि हँडलचे टोक, थ्रॉटलचा पाइप, ग्रिप सगळेच बिलात आले.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याच पुस्तिकेत लिहिले आहे की ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. तीन वर्षे झाली तरी कोणी बदलले नव्हते. ऑइलच्या वाटीच्या छोट्या काचेतून बघितले तर आत चहाच्या रंगाचे. म्हणून मीच म्हटले, लिव्हर बदलताय तर तेही करून टाका. त्या वाटीच्या टोपणाला दोन चपट्या डोक्याचे फुलीचे स्क्रू आहेत. पहिल्यावर पेचकस टेकला आणि ‘खर्र’ असा आवाज आला. तो आवाज ओळखणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. फुली गेली, वाटीसारखा खड्डा उरला. दुसऱ्याचेही तेच झाले. मग ड्रिल, मग इझी आउट (तुटका स्क्रू बाहेर काढायचे अवजार), तेही आत तुटले, आणि शेवटी ‘मास्टर सिलिंडर पूर्ण बदलावा लागेल’, म्हणजे लिव्हरजवळचा, ऑइलची वाटी असलेला अख्खा भाग.

ते दोन्ही स्क्रू मी मागून घेतले आहेत. (जुने भाग ग्राहकाला परत द्यायचे असतात, हे तिथे मलाच सांगावे लागले.) एकाच्या डोक्याच्या उरलेल्या कडेवर बारीक टिंब अजून दिसते. हे टिंब जपानी पद्धतीच्या फुलीची खूण. नेहमीचा फिलिप्स पेचकस तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि डोके खातो. आट्यांवर चुन्यासारखी पांढरी भुकटी आहे. टोपणाखालची वाटी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी, आणि आमची हवा खारी. दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि ती भुकटी फुगून स्क्रूला आवळते. तुम्ही गाड्या किनाऱ्यावरच्या गावांतही विकता. मग जो स्क्रू दोन वर्षांनी उघडायचाच आहे तो असा का, आणि एकाही सर्व्हिसिंगमध्ये तो एकदा सैल करून थेंबभर ग्रीस लावून परत का बसवला गेला नाही?

त्यात सांडलेले ब्रेक ऑइल टाकीवरून नुसते फडक्याने पुसले. ते लगेच पाण्याने धुवायचे असते, नाहीतर रंग खाते. टाकीवर आता तळहाताएवढा निस्तेज डाग आहे. फोटो जोडले आहेत.

वर्कशॉपच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे की गंज वॉरंटीत येत नाही आणि स्क्रू तुटणे हा ‘नॉर्मल वेअर’ आहे. जो स्क्रू तीन वर्षांत एकदाही फिरला नाही तो झिजला कसा, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला योग्य पेचकस देणे हे तुमचे काम होते.

लिव्हर, बार एंड आणि रास्त मजुरी माझ्याकडे लागू. पण हँडलचे १,१५० आणि मास्टर सिलिंडरचे २,३५० असे ३,५०० रुपये परत मिळावेत, आणि टाकीवरचा डाग आपल्या खर्चाने काढून मिळावा. अंदाज दहापटीहून वाढत असताना मला एक शब्द विचारला नाही, याचाही लेखी खुलासा हवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
(नाव, गाडीचा क्रमांक व फोन सोबतच्या जॉब कार्डवर आहे)

सोबत : बिल, अंदाजपत्रक व जॉब कार्डाच्या प्रती, सहा फोटो

ता. क. : नव्या मास्टर सिलिंडरच्या टोपणालाही तेच दोन स्क्रू आहेत, तेच टिंब. ते आत्ताच काढून ग्रीस लावून ठेवावे असे रोज वाटते, पण हात लावला तर वॉरंटी जाईल असे वर्कशॉपच्या व्यवस्थापकांनी बजावले आहे. काय करू ते उत्तरात कळवावे.