काळी खडी म्हणजे बेसाल्टच, असे नाही

संपादक महोदय,

पुण्याच्या आसपासच्या क्रशरवर खडीची जात कोणी विचारत नाही. निघतो तो दख्खनचा बेसाल्टच. पण इथले ठेकेदार तीच नजर घेऊन गोव्यात किंवा कर्नाटकात राणेबेन्नूरकडे काम करतात आणि तिथला काळपट दगडही 'आपलाच काळा पाषाण' म्हणून उतरवून घेतात. तो ग्रेवॅक असू शकतो. गोव्यात सावर्डे भागात जांभ्याखाली हाच खडक आहे.

ग्रेवॅक हा वालुकाश्म. समुद्रातल्या उतारावरून गढूळ लोट घसरला की वाळू, फेल्डस्पार खनिजाचे कण, खडकांचे तुकडे आणि माती असे सगळे न चाळताच तळाला बसते. पुढे दाबाखाली ते इतके घट्ट होते की हातोडीखाली बेसाल्टसारखेच खणखणते.

ओळखायचा तर खडा फोडून ताजी बाजू ओली करा आणि दहापट भिंगाखाली धरा. ग्रेवॅकमध्ये लहानमोठे, टोकदार कण वेगवेगळे दिसतात, मधूनच क्वार्ट्झ काचेसारखा चमकतो. बेसाल्टमध्ये असे कण नसतात. काही वेळा वायूच्या पोकळ्या आणि त्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज असते. दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक बेसाल्टकडे किंचित झुकते, ग्रेवॅककडे सहसा नाही. पक्का निकाल मात्र आयएस 2386, भाग 8 या भारतीय मानकाप्रमाणे दगडाचा पातळ छेद (कापून घासलेली चकती) सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच घ्यावा.

काही ग्रेवॅकमधला अतिसूक्ष्म क्वार्ट्झ सिमेंटमधल्या अल्कलीशी प्रक्रिया करतो. त्यातून झालेले जेल ओल शोषून फुगते आणि काँक्रीटला जाळीदार तडे जातात. याला बरीच वर्षे लागतात, म्हणून काँक्रीटची ताकद पाहायला 28 दिवसांनी दाबून फोडतात त्या क्यूबमध्ये काहीच कळत नाही. कॅनडातले 1968 चे मॅक्टाक्वॅक धरण अशाच खडीने फुगत गेले. ताण सोडवायला काँक्रीट हिरेजडित तारेने कापावे लागले. उलट न्यूझीलंडमध्ये ग्रेवॅक हीच नेहमीची खडी आहे. तेव्हा दगडाला सरसकट नावे ठेवू नयेत, खाणीगणिक तपासावे. (बेसाल्टमध्ये कॅल्सेडोनी, म्हणजे असाच सूक्ष्म क्वार्ट्झ, भरपूर असेल तर तोही निर्धास्त नाही.)

खडीचा चुरा आणि सिमेंट यांची, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात 80 अंश सेल्सिअसवर 14 दिवस ठेवलेली मॉर्टर-पट्टी लांबीने 0.10 टक्क्यापेक्षा जास्त वाढली, तर खडी संशयित धरावी. सावकाश फुगणारे ग्रेवॅक या चाचणीतून निसटतात, म्हणून छेदाचा अहवालही मागावा. दुसरी खडी मिळतच नसेल, तर 25 ते 30 टक्के सिमेंटच्या जागी चांगली फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख) घालून तीच चाचणी पुन्हा करावी, मगच ओतकाम सुरू करावे.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे