कांदेबाग म्हणजे कांदे नव्हेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एआयकडून कामे कशी करून घ्यावीत यावर लेख येत आहेत. ते मी कापून ठेवते. परवाच्या लेखात प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून द्यायची सूचना, सुधारून देणाऱ्या टूलची ओळख होती. वाक्य टाका, बटण दाबा, तयार प्रॉम्प्ट उचला, एवढेच त्यात सांगितले आहे. मी फैजपूरला ऑनलाइन सेवा केंद्र चालवते आणि असे टूल वर्षभर वापरते आहे. त्या बटणाच्या आधी आणि नंतर काय करायचे, हे नव्या माणसाला कळायलाच हवे, म्हणून हे पत्र.

जूनच्या सुरुवातीला वादळ झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी चिनावलकडचे एक काका आले. "ताई, मले पंचनाम्याचा अर्ज लिहून दे. खरं तेवढंच लिही." मी घाईत एक ओळ टाकली : 'वादळात कांदेबागाचे नुकसान झाले, पंचनाम्यासाठी अर्ज लिहा.' सुधारण्याचे बटण दाबले. त्या एका ओळीची इंग्रजीत तीस-पस्तीस ओळींची सूचना झाली. तू अनुभवी कायदेशीर सल्लागार आहेस, अशी सुरुवात. मग पार्श्वभूमी, कामाचे टप्पे, भाषा कशी ठेवायची, शेवटी नमुना. दिसायला फार नेटके. मी ते तसेच एआयला दिले आणि आलेला अर्ज काकांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला. अर्जात कांद्याचे पीक होते. वर 'अतिवृष्टी'ही होती. त्या रात्री आमच्याकडे नुसता वारा होता, पावसाचा थेंब नव्हता. नुकसानही 'लाखो रुपयांचे' झाले होते, आणि काकांनी तर आकडा सांगितलाच नव्हता.

केळी पट्ट्यातल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. जून-जुलैत लावली तर मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली तर कांदेबाग. दोन्ही केळीच. सातबाऱ्यावर केळी आणि अर्जात कांदा, असा कागद घेऊन तो म्हातारा माणूस कृषी सहायकासमोर उभा राहिला असता तर? त्यांनी वाचून दाखवायला लावले नसते तर मी तो प्रिंट काढून दिला असता. ही गोष्ट मला आजही लागून आहे.

त्यानंतर मी हे टूल नीट समजून घेतले. ओपनएआय आणि अँथ्रोपिक या कंपन्यांनी प्रोग्रामर लोकांसाठी अशा सोयी २०२४ मध्येच आणल्या. मी वापरते ते एक वेगळेच, फुकटचे आहे. पण पद्धत साधारण तीच. आपला कच्चा मजकूर एआयलाच देऊन 'हा नीट मांडून दे' असे पडद्यामागे सांगितलेले असते. म्हणजे आपण जे सांगितले नाही ते त्याला कुठून कळणार? ते मांडणी सुधारते आणि राहिलेल्या जागा अंदाजाने बुजवते. अंदाज इतका सफाईने लिहिलेला असतो की तो अंदाज आहे हे ध्यानातच येत नाही.

आता मी आधी वहीत लिहिते, मराठीतच. अर्ज कोण वाचणार, काय झाले, कधी झाले, कोणते आकडे माणसाने स्वतः सांगितले आणि काय लिहायचे नाही. खाली शब्दांचे अर्थ : कांदेबाग, पिलबाग म्हणजे पहिल्या झाडाच्या पिलावर धरलेली बाग, निसवण म्हणजे घड बाहेर पडणे, हरण्या म्हणजे सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग. हे सगळे टाकून शेवटी एक वाक्य जोडते : 'प्रॉम्प्ट मराठीत ठेव, माहिती नसेल तिथे रिकामी जागा सोड, मनाने काही भरू नको, आधी मला प्रश्न विचार.' या एका वाक्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. काकांच्या अर्जासाठी मग त्याने विचारले : गट नंबर कोणता, लागवड कोणत्या महिन्यातली, अंतर किती, आडव्या झालेल्या झाडांपैकी निसवलेली किती? काकांनी बसल्या जागी उत्तरे दिली. पाच बाय पाच फुटांवरची लागवड, म्हणजे एकरी साधारण १७४० झाडे. निसवलेली त्यांनी सकाळीच मोजून आणली होती. शेतकऱ्याकडे माहिती असतेच, विचारणारा लागतो.

तयार झालेली ती सूचना मी जपून ठेवली आहे. गाव, तारीख, झाडांची संख्या एवढे बदलले की दुसऱ्याचे काम होते. नाव, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते मात्र मी टूलमध्ये कधीच टाकत नाही; ते प्रिंटवर पेनने भरते. लोक विश्वासाने कागद हातात देतात, तो विश्वास असा कुठल्याही खिडकीत चिकटवायचा नसतो. आणि दोन ओळींच्या निरोपासाठी हे बटण दाबूच नये. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (एआय मजकुराचे जे छोटे तुकडे करून मोजते ते) लागतात, फुकटची मर्यादा लवकर संपते आणि दुपारी खरे काम आले की बसून राहावे लागते.

आपल्याला विनंती अशी की, लेखांमध्ये इंग्रजी तयार प्रॉम्प्ट छापण्याऐवजी मराठीतली कच्ची ओळ, टूलने केलेला बदल आणि त्यातून माणसाने काय काढून टाकले, हे तिन्ही शेजारी शेजारी छापा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या केळीचे शब्द अजून या यंत्रांच्या नीट ओळखीचे नाहीत. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि पालचे कृषी विज्ञान केंद्र यांनी असे शब्द अर्थांसह एका पानावर तपासून दिले, तर ते पान प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर लागेल. माझ्या वहीत आजवर बासष्ट शब्द जमले आहेत. आपण म्हणाल त्या दिवशी झेरॉक्स पाठवते.

आपली,
एक वाचक, सेवा केंद्र चालक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव