चौथ्या मजल्यावरच्या ताई, हे तुमच्यासाठी

ताई,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणता आणि थेट स्वयंपाकघरात निघून जाता, म्हणून हे लिहून आणि असं सगळ्यांसमोर. तुमचं नाव घालत नाहीये कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण बावधनमधल्या आपल्या सोसायटीत वाचणाऱ्यांना बरोबर कळेल कोणाबद्दल आहे ते.

गाडीचं आमच्या घरात किती दिवस चाललं होतं ते तुम्ही बघतच होतात. शेवटी दोनच उरल्या होत्या, मर्सिडीजची जीएलसी आणि ऑडीची क्यू सेव्हन. एक आपल्या चाकणला जोडली जाते आणि दुसरी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे दोन्ही एका अर्थी घरच्याच. मला जीएलसी हवी होती. रोज हिंजवडीला चालवत मी जाणार, चांदणी चौकातून मी निघणार, मला आटोपशीर गाडी पाहिजे होती आणि जीएलसी हातात घेतली की खरंच आपली वाटते. ह्याला क्यू सेव्हन, कारण सात सीट, व्ही सिक्स इंजिन, 340 हॉर्सपॉवर, आणि "एकदाच घ्यायची तर मोठी घेऊ" हे त्याचं नेहमीचं. रोज जेवताना तोच विषय, आणि प्रत्येक वेळी गाडी तिथेच अडायची की आपण नक्की किती जणांसाठी घेतोय.

त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतंच ना. आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलंय, कागदपत्रं झाली, होम स्टडी म्हणजे घरी येऊन होते ती चौकशी झाली, आता वेटिंग. (ओळखीतल्या कोणाचंतरी पत्र जोडायचं होतं ते तुम्हीच दिलं होतंत, त्यात काय लिहिलंत ते वाचून सासूबाई रडल्या होत्या, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.) आम्ही भावंडं असली तरी चालतील असंही लिहिलंय. म्हणजे एक बाळ येईल का दोन मुलं, सात-आठ महिन्यांचं असेल का धावत येणारं तीन वर्षांचं, काहीच माहीत नाही. बाकीच्यांना तयारीला नऊ महिने मिळतात, आमच्याकडे दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर रेफरल, म्हणजे मुलाची माहिती, आला की 48 तासांत हो किंवा नाही सांगायचं आणि मग सगळी पळापळ काही आठवड्यांत. म्हणून गाडी, खोली, सुट्ट्या, सगळं आधीच लावून ठेवायचं असं ठरवलेलं.

आणि हे लोकांना समजावून सांगता येत नाही. "दोघांना आणि एका म्हातारीला एवढी मोठी गाडी कशाला", "आधी गुड न्यूज द्या, मग गाडी घ्या", हे लग्नकार्यात हसत हसत बोललं जातं आणि आपणही हसून घेतो. एका शोरूममध्ये तर मी मागच्या सीटचे आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट अडकवायचे, हुक बघायला लागले तर तिथला मुलगा म्हणाला मॅडम बाळ आहे का, नाही ना, मग ते नंतर बघू, आधी तुम्हाला सनरूफ दाखवतो. मी घरी येऊन त्यावर एक शब्द बोलले नाही, पण लिफ्टमध्ये तुम्ही माझं तोंड बघितलंत आणि फक्त एवढंच विचारलंत, "पुढची टेस्ट ड्राइव्ह कधी? माझ्या मुलांच्या सीट्स घेऊन येते."

ताई, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे खरं तर. तुम्ही विचारलं नाहीत की कधी येणार, किती नंबर आहे, स्वतःचं ट्राय केलं का. मुलं येणार आहेत, त्यांना बसायला जागा लागणार आहे, तर मोजून बघू. इतकं सरळ.

आणि मग त्या शनिवारी तुम्ही खरंच आलात, दोन्ही सीट्स, घडीची बाबागाडी, सगळं तुमच्या गाडीच्या डिकीत घालून, वर "आईंना पण घ्या" म्हणून सासूबाईंना साडी बदलायला लावलीत. मी मनात म्हटलं गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला कशाला उन्हात शोरूम शोरूम फिरवायचं. पण तुम्ही फिजिओथेरपिस्ट, तुम्हाला नेमकं तेच बघायचं होतं. आई आत बसताना तुम्ही गाडीकडे बघतच नव्हतात, त्यांच्या गुडघ्याकडे बघत होतात. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, एक पाय आत आणि एक बाहेर असं लटकायचं नाही, हे तुम्ही त्यांना तिथेच करून दाखवलंत आणि आता आई रिक्षातसुद्धा तसंच बसतात.

पण खरा निकाल लागला तो मधल्या सीटवर. आधी जीएलसी. एका बाजूला तुमच्या धाकट्याची सीट मागे तोंड करून लावली, दुसऱ्या बाजूला थोरलीचा बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलांना उंच बसवायची सीट, आणि मग तुम्ही म्हणालात, आता आई, तुम्ही मध्ये बसा. कारण नातवंडं गाडीत असताना आजी पुढे बसणार आहे का? आईंनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. एक खांदा पुढे, एक मागे, तिरकं बसून दोन्ही पाय मधल्या उंचवट्याच्या दोन बाजूंना. ते झालं. मग बेल्ट. बेल्टचा पट्टा हातात आला पण तो अडकवायचा तो लाल बटणाचा तुकडा बूस्टरच्या कडेखाली गेला होता, दिसतच नव्हता. आई बोटांनी चाचपडतायत, बांगड्या त्या प्लास्टिकला घासतायत, मी बाहेरून वाकून हात घातला तर माझाही पोचेना, शेवटी बूस्टर उचलून, बेल्ट लावून, परत बूस्टर ठेवून जमलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त म्हणालात की हे रोज दोनदा करायचंय असं धरून चाला, आणि पाऊस पडतोय असं पण धरा.

मग हा ड्रायव्हर सीटवर बसला, त्याची उंची तुम्हाला माहितीच आहे, आणि मागे तोंड करून ठेवलेली सीट त्याच्या मागे होती. त्याने सीट नेहमीसारखी मागे घेतली तर ती जाऊन बाळाच्या सीटला टेकली. पुढे घेतली तर ह्याचे गुडघे डॅशबोर्डपाशी. मला हे माहीतच नव्हतं की लहान बाळाची सीट मोठ्या मुलाच्या सीटपेक्षा जास्त जागा खाते, कारण ती आडवी पसरते. पंधरा महिन्यांपर्यंत तरी मागे तोंड करूनच बसवायचं, जमलं तर त्याहून जास्त, कारण जोरात ब्रेक लागला तर लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान ते पेलू शकत नाही, सीटची पाठ तो झटका सगळीकडे वाटून घेते, हे तुम्ही तुमच्या पद्धतीने ह्याच्या मानेवर हात ठेवून समजावलंत. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड केलेली सीट कधीही नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण पुण्यात स्टिअरिंगवर बाळ घेऊन चालवणारे बाप आपण रोज बघतो, त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

नंतर तोच सगळा पसारा क्यू सेव्हनमध्ये. तिथे मधल्या रांगेत तिन्ही सीट वेगवेगळ्या आहेत आणि पुढेमागे सरकतात, त्यामुळे बाळाची सीट आहे तिथली सीट मागे सरकवली आणि हा आरामात बसला. आई मध्ये बसल्या, सरळ, पाठ टेकवून, आणि बेल्ट पहिल्या फटक्यात लागला. मधला उंचवटा इथेही आहे, त्याबद्दल तुम्ही उगाच गोड बोलला नाहीत, लांबच्या प्रवासात पाय आखडणारच म्हणालात. पण आईंनी आपणहून एक हात बाळाच्या सीटवर ठेवला आणि दुसरा बूस्टरवर, दोन्ही रिकाम्या, आणि म्हणाल्या "हां, इथे मला दोघांकडे लक्ष देता येईल." मी तेव्हा मोबाईल काढून उगाच मोजमापाचे फोटो काढत बसले होते ते त्यासाठीच ताई, डोळे भरून आले होते.

ज्या सात सीटवर हा एवढे दिवस भांडत होता त्या मागच्या दोन सीटवर तुम्ही त्यालाच बसवलंत. गुडघे हनुवटीपाशी. वर ती रांग उभी केली तर डिकीत बाबागाडी मावत नाही हेही तिथेच दाखवलंत. म्हणजे ज्या कारणासाठी तो ती गाडी मागत होता ते कारण गेलं, आणि ज्या गोष्टीचा आम्ही दोघांनी विचारही केला नव्हता, मधल्या रांगेची रुंदी, त्यासाठी तीच गाडी ठरली. मागची रांग आता कायम आडवी असते. सगळं खानदान घेऊन कोल्हापूरला किंवा गणपतीपुळ्याला जायचं असेल तर एक इनोव्हा भाड्याने करू, हेही तुमचंच.

पैशाचं फार लिहीत नाही. क्यू सेव्हन महाग पडली, हे खरं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी झाला, आधी सगळं मिळून पन्नासच्या घरात जायचं, त्यामुळे अंतर थोडं पोटात गेलं. मी जीएलसी डिझेलमध्ये बघत होते तर तुमच्या मिस्टरांनी लक्षात आणून दिलं की महाराष्ट्रात वीस लाखांच्या वर पेट्रोलला 13 टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला 15, म्हणजे एवढ्या किमतीच्या गाडीवर ते दोन टक्केसुद्धा लाखाच्या वर जातात. आणि गाडी घेताना तो एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात तो रिटर्न भरताना मिळतो हे पण त्यांनीच सांगितलं. त्यांनाही थँक्यू सांगा, ते तरी पळून जाणार नाहीत.

माझी भीती वेगळी होती. 1970 मिलिमीटर रुंद गाडी, आरसे वेगळे, आणि माझं माहेर सदाशिव पेठेत. तिथे सम-विषम तारखेच्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हा लावायची तरी देवाचं नाव घ्यावं लागतं. तुम्ही म्हणालात पेठेत गाडी न्यायचीच कशाला, वनाझला लाव, मेट्रोने सिव्हिल कोर्टला जा आणि बदलून मंडईला उतर, बाळ कडेवर घेऊनसुद्धा होतं. बरोबर आहे. मंडई स्टेशन सुरू झाल्यापासून मी स्वतः तसंच जाते, पण बाळाला घेऊन तसं जाता येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

मग आपलं पार्किंग. आमची जागा दोन खांबांच्या मध्ये, तुम्ही टेप घेऊन खाली आलात आणि वॉचमनकाकांना एक टोक धरायला लावलंत. गाडी जात होती. पण दार किती उघडतं ते मोजलंत तर बाळाला सीटसकट आत ठेवण्याइतकं उघडत नव्हतं, अंग चोरून, वाकून, कमरेतून पिळून करावं लागलं असतं. तुम्ही म्हणालात अशा वाकण्यानेच माझे अर्धे पेशंट येतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर तुम्ही हातात कागद घेऊन उभ्या. तुमची कोपऱ्यातली जागा, जिला एका बाजूला भिंतच नाही, जिच्यावर अख्ख्या सोसायटीचा डोळा आहे, ती आमच्या जागेशी बदलायची म्हणून कमिटीला अर्ज, तुमची सही आधीच झालेली. मी नको नको म्हणत होते तर म्हणालात, "माझी मुलं आता स्वतः दार उघडून उतरतात, तुझी अजून यायचीत."

"तुझी अजून यायचीत." ताई, इतकी वर्षं लोक आम्हाला "होतील", "बघू", "देवाच्या मनात असेल तर" म्हणत आलेत. तुम्ही फक्त यायचीत म्हणालात, जसं कोणी गावाहून निघालंय आणि वाटेत आहे. मी तो कागद घेऊन आत गेले आणि ह्याला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग उठून सही केली.

गाडी आली, पूजा झाली, पेढे तुम्हाला मिळालेच. चालवायला मी घाबरत होते तेवढी नाहीये, पहिले काही दिवस चांदणी चौकात हात घट्ट व्हायचे, आता होत नाहीत. आमच्या मुलांसाठी सीट अजून घेतलेली नाही, तुम्ही सांगितलंत तसं, वय आणि उंची कळल्याशिवाय घ्यायची नाही आणि कोणाची अपघातातून गेलेली सीट तर फुकट मिळाली तरी नको. तुमच्या दोन्ही सीट्स आमच्या हॉलमध्ये आहेत, बूस्टरचं कव्हर धुतलंय, रविवारी वर आणून देते. आणि फोन आला की, मग तो रात्री येवो की पहाटे, तुमची बेल वाजवणार आहे, कारण सीट घ्यायला तुम्हीच यायचंय आमच्याबरोबर.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची