फिजीचा रग्बी संघ आणि किक-ऑफचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑलिम्पिक जवळ आले की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर फिजीच्या रग्बी सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची रग्बी) संघाबद्दल चार ओळी हमखास येतात. प्रशांत महासागरातला चिमुकला देश, नऊ लाखांच्या आसपास लोकवस्ती, समुद्रकिनारी अनवाणी खेळणारी मुले, अंगातली उपजत ताकद आणि त्यातून घडलेला ‘चमत्कार’. या संघाचा खेळ अनेक वर्षे बारकाईने पाहणाऱ्या आम्हा वाचकांना हा शब्द खटकतो. चमत्कार म्हटले की तो कसा घडला, हे सांगायची जबाबदारीच उरत नाही. फिजीच्या बाबतीत सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे.

आधी कामगिरी पाहू. सेव्हन्सच्या विश्वचषकाला मेलरोझ चषक म्हणतात, कारण हा खेळ १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील मेलरोझ गावात सुरू झाला. फिजीने तो तीनदा जिंकला. १९९७ मध्ये हाँगकाँगला दक्षिण आफ्रिकेला २४-२१ असे हरवून, २००५ मध्ये तिथेच न्यूझीलंडला २९-१९ असे हरवून आणि २०२२ मध्ये केप टाउनला पुन्हा न्यूझीलंडलाच २९-१२ असे नमवून. २००५ च्या संघाचा कर्णधार वायसाले सेरेवी तेव्हा ३६ वर्षांचा होता. जागतिक मालिकेची पहिली सहा विजेतेपदे न्यूझीलंडने सलग घेतली होती. ती साखळी २००५-०६ मध्ये फिजीने तोडली. पुढे २०१४-१५, २०१५-१६ आणि २०१८-१९ मध्येही मालिका फिजीची झाली. हाँगकाँगची स्पर्धा तर २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे त्यांनी कोणाच्या हाती लागू दिली नाही.

सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये प्रथम आले ते २०१६ मध्ये, रिओला. फिजीने अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ असे हरवले आणि देशाला इतिहासातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले. मध्यंतराला गुणफलक २९-० होता. सात ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे) झाले, तेही सात वेगवेगळ्या खेळाडूंचे. कर्णधार ओसेया कोलिनिसाऊ आणि इंग्लिश प्रशिक्षक बेन रायन यांची चित्रे असलेली सात डॉलरची नोट फिजीने २०१७ मध्ये काढली. टोकियोत न्यूझीलंडवर २७-१२ असा विजय मिळवून दुसरे सुवर्ण आले.

आता हे विजय मिळतात कसे ते पाहू. सेव्हन्स पूर्ण आकाराच्या रग्बी मैदानावर खेळतात: १०० मीटर लांब आणि ७० मीटरपर्यंत रुंद. खेळाडू मात्र पंधराऐवजी सात, आणि सात-सात मिनिटांचे दोनच डाव. कबड्डीतही सातच गडी असतात, पण तिथे अंगण १३ बाय १० मीटरचे. इथे एक खेळाडू मागे राखणीला ठेवला तर उरलेल्या सहांनी ७० मीटरची रुंदी अडवायची असते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ १२ मीटर येतात. एवढ्या मोकळ्या जागेत चेंडू ज्याच्या हाती, गुण त्याचे. म्हणून सेव्हन्समधली सर्वांत मोलाची चाल किक-ऑफची, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकची असते. आपल्या बातम्यांत तिचा उल्लेखही नसतो.

पंधरांच्या रग्बीत गुण गमावलेला संघ खेळ पुन्हा सुरू करतो. सेव्हन्समध्ये उलटे आहे: ज्याने गुण मिळवले त्यानेच चेंडू समोर मारायचा. तो किमान १० मीटर जायला हवा. त्यामुळे फिजीचा खेळाडू ड्रॉप किकने (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकताच मारून) तो उंच उडवतो. तो दहा मीटरच्या रेषेपलीकडे थोडासाच पडेल आणि हवेत इतका वेळ राहील, की आपला उंच गडी धावत जाऊन झेप घेऊ शकेल. हा गडी दर वेळी झेल घेण्याच्या भानगडीत पडत नाही, पुष्कळदा हाताच्या फटक्याने चेंडू मागे येणाऱ्या साथीदाराकडे वळवतो. रिओत हे काम करायला लिओने नाकारावा होता, पंधरांच्या रग्बीतला दुसऱ्या फळीचा धिप्पाड खेळाडू. चेंडू असा परत मिळाला की प्रतिस्पर्ध्याचा हात लागण्याआधीच दोन-तीन ट्राय होऊन जातात.

चुकायला वावही तितकाच आहे. किक सपाट बसली तर समोरचा झेल घेऊन सरळ धावत सुटतो. लांब गेली तर आपला गडी पोहोचत नाही. दहा मीटरच्या अलीकडे पडली किंवा थेट रेषेबाहेर गेली तर मैदानाच्या मध्यावर समोरच्याला फ्री किक. आणि हवेत असलेल्या प्रतिस्पर्ध्याला धडक बसली तर पेनल्टी, अनेकदा पिवळे कार्डही. ही किक रोज घोटवावी लागते. तिला उपजत ताकद म्हणता येत नाही.

फिजीच्या खेळातली दुसरी खूण म्हणजे ऑफलोड, पकड बसत असतानाच दिलेला पास. पकडीत खाली गेलेल्या खेळाडूच्या चेंडूवर दोन्ही बाजूंचे गडी भिडतात त्याला रक म्हणतात. सेव्हन्समध्ये पडलेल्या गड्याखेरीज रकला आणखी दोन माणसे गुंतवली की उरतात चार, म्हणून फिजी शक्यतो रक होऊच देत नाही. चेंडूवाला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर न जाता दोघांच्या मधल्या फटीत घुसतो, एक हात मोकळा ठेवतो, दोघांना अंगावर ओढतो आणि पडता पडता चेंडू मागे सोडतो. टाळ्या त्या हाताला मिळतात, पण खरी करामत मागून येणाऱ्याची असते. रग्बीत पास पुढे देता येत नाही. साथीदार अर्धे पाऊल पुढे निघाला तर फॉरवर्ड पास होऊन स्क्रम (दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून, रेटून खेळ पुन्हा सुरू करतात तो) समोरच्याला जातो. तो दोन पावले दूर राहिला तर चेंडू जमिनीवर पडतो, आणि आपली फळी तेव्हा विस्कटलेली असल्याने उलटा ट्राय बसतो.

हा अंदाज गावोगावच्या सेव्हन्स स्पर्धांत घडतो. सात गडी आणि सपाट जागा एवढ्यावर सामना उभा राहतो, त्यामुळे बेटाबेटांवर खेळाडू तयार होत असतात. राष्ट्रीय संघ त्यावर दमसास चढवतो. व्हिती लेवू बेटावरच्या सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर चढून-उतरून होणारा सराव प्रसिद्ध आहे. वाळूत पाय रुततो, जमिनीची उसळी मिळत नाही, त्यामुळे पोटऱ्या-मांड्यांना जास्त काम पडते आणि गुडघ्यांना बसणारा हादरा मात्र कमी होतो. रिओत तीन दिवसांत सहा सामने होते. तिसऱ्या दिवशीही पाय चालत राहिले ते या तयारीमुळे.

फिजी हरतो तेव्हाही कारणे शोधावीत. राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण या संघाला आजवर मिळालेले नाही. २०१८ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने त्यांना ०-१४ असे कोरडे ठेवले, २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ३१-७ असे हरवले. (दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धेत तर फिजी नव्हताच. २००६ च्या लष्करी उठावानंतर देशाचे राष्ट्रकुल सदस्यत्व स्थगित झाले होते.) पॅरिस २०२४ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात फ्रान्सने पंधरांच्या रग्बीतला आपला नावाजलेला खेळाडू आंत्वान द्युपाँ याला उतरवले. एक ट्राय त्याने घडवला, दोन स्वतः केले, निकाल २८-७. ऑलिम्पिकमधला फिजीचा हा पहिलाच पराभव, सलग १७ विजयांनंतरचा. ऑफलोडवर जगणाऱ्या संघाला चेंडूच मिळाला नाही तर त्याच्याकडे दुसरे शस्त्र कमी पडते, असे आमचे मत आहे. त्यात खांद्याच्या वर घातलेल्या पकडीबद्दल पिवळे कार्ड मिळाले की दोन मिनिटे बाहेर. चौदा मिनिटांच्या सामन्यात हा सातवा हिस्सा झाला, आणि राखणदार सोडून पाचांनी प्रत्येकी १४ मीटर सांभाळायचे.

शिवाय संघ टिकत नाही. चांगल्या खेळाडूला युरोपातले क्लब पैसे देऊन पंधरांच्या रग्बीत नेतात. रिओचा विलियामे माता सुवर्णानंतर एडिनबरोला गेला, जोसुआ तुइसोवा फ्रान्समध्येच खेळत होता. दोन्ही सुवर्णसंघांत असलेला एकच खेळाडू आहे, जेरी तुवाई. म्हणजे टोकियोचे सुवर्ण जवळजवळ नव्या संघाने, नवे प्रशिक्षक गॅरेथ बेबर यांच्या हाताखाली जिंकले. आम्हाला रिओपेक्षा ही कामगिरी मोठी वाटते. त्याच टोकियोत फिजीच्या महिलांनी ब्रिटनला २१-१२ असे हरवून कांस्य मिळवले, ते आपल्याकडे बहुतेकांच्या लक्षातही नाही.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. तिथे परदेशी सेव्हन्स खेळाडूंना मुंबईकरांनी जवळून पाहिले, त्यामुळे हा खेळ मराठी वाचकाला आता अगदीच परका राहिलेला नाही. आमची विनंती एवढीच: २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बातम्या देताना गुणफलकाखाली तीन आकडे छापावेत. स्वतःच्या किक-ऑफपैकी किती चेंडू परत मिळवले, किती ऑफलोड साथीदाराच्या हाती गेले आणि कोणत्या मिनिटाला पिवळे कार्ड मिळाले. पुरुषांच्या सामन्याखाली छापाल तेच महिलांच्या सामन्याखालीही छापावेत.

आपले,
सेव्हन्स रग्बीचे काही वाचक, मुंबई